जादूतलं संपणारं सामान आणि त्याचा सराव

जादूचे काही प्रयोग असे असतात की एकदा केले की सामान गेलंच. कागद जळतो, पत्ता फाटतो, पावडर पाणी पिऊन फुगते, पुढच्या वेळी सगळं परत नवीन. नाणं, दोरी, रुमाल यांचं तसं नाही, एकदा घेतले की आरशासमोर वर्षभर हात बसवा. इथे मात्र प्रत्येक रिहर्सलला खिशाला चाट, आणि रिहर्सल न करता स्टेजवर गेलं की फजिती ठरलेली.

सगळ्यात स्वस्त म्हणजे पेपर फाडून परत अख्खा दाखवायचा खेळ, रद्दी घरोघरी असते. पण शोच्या दिवशी वापरणार तोच पेपर आणि तेवढीच पानं सरावालाही घ्यायची, पुरवणी धरून घडी केली तर ती हातात मावत नाही. शिवाय पेपर सहसा वरून खाली सरळ पट्टीत फाटतो आणि आडवा फाडला की वाकडातिकडा जातो, हे सांगून कळत नाही, ढीगभर पानं फाडली की बोटांनाच कळतं.

पत्त्यांसाठी घरातला जुना, अर्धवट कॅट काढतात. ठीक आहे, पण वापरून मऊ पडलेला पत्ता गुपचूप फाटतो, नवा कडक पत्ता टर्र करतो आणि जोरही जास्त लागतो, म्हणून शेवटचे चार-पाच तरी नवे फाडायचेच, 52 पत्त्यांच्या कॅटमध्ये तेवढं परवडतं.

कपातलं पाणी गायब होतं त्यात सोडियम पॉलीॲक्रिलेट असतं, बाळांच्या डायपरमध्ये असतं तेच. ही पावडर पाणी शोषून जेल होते, पण पाण्यात क्षार जास्त असले की कमी शोषते. इंदूरमध्ये हे फार नडतं, कारण घरी नर्मदेच्या पाण्यावर माप बसवायचं आणि हॉलमध्ये बोरिंगचं जड पाणी मिळालं तर कप उलटा केल्यावर धार लागते. पाणी घरूनच बाटलीत न्या ना! आणि सरावातलं जेल मोरीत ओतू नका, पाईप तुंबतो.

सगळ्यात महाग आणि जोखमीचा फ्लॅश पेपर. तो नायट्रोसेल्युलोजचा, रसायनशास्त्रज्ञ शोनबाइनने 1846 मध्ये शोधलेल्या गनकॉटनच्या, म्हणजे स्फोटक कापसाच्या, जातीतला, पेटला की क्षणात भडकून संपतो, राख जवळपास नाहीच. हाताची हालचाल साध्या टिश्यूवर बसवता येते, दचकणं मात्र बसवता येत नाही, खरी ज्वाळा दिसली की हात आपोआप मागे जातो आणि लपवलेली वस्तू दिसते. म्हणून थोडे खरे तुकडे जाळायलाच लागतात, मोकळ्या जागेत, नायलॉनच्या पडद्यापासून लांब, शेजारी पाण्याची बादली. हा कागद ओलसर ठेवतात आणि शोआधी उघड्या हवेत वाळवतात, ड्रायर लावून किंवा उन्हात अजिबात नाही. गणपतीतले कार्यक्रम नेमके पावसाच्या दिवसांत, तेव्हा तो लवकर वाळतच नाही, आणि दमट राहिला तर रेंगाळत जळतो, मागे काळं उरतं. त्यामुळे निघायच्या आधी त्याच बॅचमधला एक नखाएवढा तुकडा जाळून बघायचा.