चेनला तेल पोचतं, हबला कोण विचारतं?

सायकलीला तेल द्यायचं म्हटलं की हात आपोआप चेनकडे जातो. चेन समोर दिसते, कोरडी पडली की कुरकुरते, पँटला काळे डाग पाडते, त्यामुळे तिची आठवण राहते. चाकाच्या मधोमध बसलेला हब मात्र वर्षानुवर्षं निमूटपणे फिरत असतो. आतलं ग्रीस वाळलं, पाणी शिरलं, छर्रे (चाक ज्यांच्यावर फिरतं त्या पोलादी गोळ्या) गंजले तरी बाहेरून पत्ता लागत नाही. चाक डुगडुगायला लागतं किंवा पेडल मारताना मागून करकर ऐकू येते, तोवर आतला कोन, म्हणजे छर्रे ज्यावर धावतात तो निमुळता नट, झिजून त्यावर खड्डे पडलेले असतात. सायकलीचं बाकी सगळं नीट करणारी माणसंही चाकाच्या आत डोकावत नाहीत, आणि माझ्या मते घरच्या देखभालीतली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे.

आधी एक अपेक्षा बाजूला ठेवू. हबमध्ये नवं ग्रीस भरल्यावर सायकल एकदम हलकी पळायला लागेल, असं होत नाही. सायकलस्वाराची ताकद मुख्यतः हवेचा रोध आणि टायरचं दबणं यांत खर्च होते. चांगल्या स्थितीतल्या छर्ऱ्यांचं घर्षण त्यापुढे अगदीच किरकोळ असतं. ताशी १५ किलोमीटर वेगाने २८ इंची चाक मिनिटाला जेमतेम ११५ फेरे घेतं. यंत्रांच्या जगात हा फारच संथ वेग. त्यामुळे हबमधल्या ग्रीसचं खरं काम पहारेकऱ्याचं आहे: पाणी आणि वाळू बाहेर ठेवणं, पोलाद गंजू न देणं.

हा पहारा लागतो कशाला, ते भार पाहिला की कळतं. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो धरा. त्यातले साधारण ६० किलो मागच्या चाकावर येतात, म्हणजे हबच्या प्रत्येक बाजूला ३० किलो. मागच्या हबमध्ये एका बाजूला सहसा पाव इंची ९ छर्रे असतात. हा भार सगळ्यांत सारखा वाटला तर एकेकाच्या वाट्याला तीन-सव्वातीन किलो येतील. पण तो सारखा वाटला जात नाही. वरचे छर्रे जवळजवळ रिकामे असतात आणि खालचे दोन-तीनच सगळं ओझं पेलतात. जर्मन अभियंता रिखार्ड स्ट्रीबेक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याचं गणित मांडलं. सगळ्यात खालच्या छर्ऱ्यावर सरासरीच्या सुमारे पाचपट भार येतो, असं त्यातून निघालं. म्हणजे आपल्या उदाहरणात १६ किलोंपेक्षा जास्त, तेही अशा स्पर्शबिंदूवर जो खसखशीच्या दाण्याहून लहान आहे. खड्ड्यात चाक आदळलं की हा आकडा आणखी चढतो.

एवढ्या दाबाखाली वाळूचा बारीक कण सापडला तर काय होईल? वाळूतलं क्वार्ट्झ हे बेअरिंगच्या, म्हणजे छर्रे आणि कोनाच्या, पोलादापेक्षाही कठीण असतं. कण चिरडताना छर्ऱ्याच्या आणि कोनाच्या चकचकीत पृष्ठभागावर ओरखडा सोडून जातो. ओरखड्याच्या कडेशी ताण एकवटतो, तिथे बारीक तडा जातो, आणि काही महिन्यांत पोलादाचा टवका निघतो. मग हा टवकाच वाळूचं काम करू लागतो.

हब उघडलात तर एक गोष्ट मुद्दाम पाहा. कोन स्वच्छ पुसून उजेडात धरा. छर्रे धावून त्यावर चमकदार पट्टा उमटलेला असतो आणि झिजेचे खड्डे बहुतेक वेळा त्या पट्ट्याच्या एकाच बाजूला दाटलेले दिसतात. कारण साधं आहे. सायकलीत एक्सल, म्हणजे चाकाच्या मधला दांडा, आणि त्यावरचे कोन स्थिर असतात; हब आणि त्यातली वाटी, म्हणजे छर्रे बसतात तो खोलगट भाग, फिरते. वाटीचा प्रत्येक भाग आळीपाळीने भाराखाली येतो आणि सुटतो. कोनाचा खालचा भाग मात्र कायम दाबाखालीच. म्हणूनच सहसा वाटी धडधाकट राहते आणि कोन आधी जातो. कोन आणि छर्रे स्वस्त असतात, बदलता येतात. वाटी हबमध्येच घट्ट ठोकलेली असते, ती गेली की प्रकरण नवा हब आणि सगळ्या तारा पुन्हा भरण्यापर्यंत जातं. वेळेवर कोन बदलायचा तो एवढ्यासाठी.

सायकल आणि छर्रे यांचं नातं जुनं आहे. पॅरिसमधले सायकल कारागीर ज्यूल सुरिरे यांनी १८६९ मध्ये सायकलीच्या बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात झालेली पॅरिस ते रुआँ ही शर्यत जेम्स मूर यांनी अशा बेअरिंगच्या सायकलीवर जिंकली. छर्रे एकसारखे गोल घासून काढणारं यंत्र फ्रीड्रिख फिशर यांनी जर्मनीतल्या श्वाइनफुर्टमध्ये १८८३ मध्ये बनवलं आणि मग ही चीज सगळ्यांच्या आवाक्यात आली.

आता ग्रीसकडे. ग्रीस म्हणजे घट्ट झालेलं तेल नव्हे. त्यात बहुतांश साधं खनिज तेलच असतं, पण ते साबणाच्या सूक्ष्म तंतूंच्या जाळीत अडकवलेलं असतं. हा साबण बहुधा लिथियमचा असतो. त्याची पेटंटं अमेरिकेत क्लॅरेन्स अर्ल यांना १९४२ साली मिळाली. छर्रा वरून गेला की जाळी दबते, ग्रीस पातळ होतं, थोडं तेल बाहेर येतं. छर्रा पुढे गेला की ग्रीस पुन्हा जागच्या जागी घट्ट बसतं. म्हणून ते ओघळत नाही आणि कोन-वाटीमधली फट बुजवून ठेवतं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं लिथियमचं साधं ग्रीस सायकलीला उत्तम चालतं. प्रचंड उष्णता सोसणारं महागडं ग्रीस घ्यायची गरज नाही, कारण सायकलीचा हब कधी तापतच नाही. रंगावर जाऊ नका. लाल, निळा, पिवळा हा बहुतेक वेळा नुसता घातलेला रंग असतो. जुन्यावर नवं मात्र थापू नका. वेगवेगळ्या जातीच्या साबणांची जाळी एकमेकांत विस्कटते आणि मिश्रण पाण्यासारखं पातळ होऊ शकतं.

चाक काढल्यावर एकाच बाजूचा चेकनट (कोन जागेवर धरून ठेवणारा बाहेरचा नट) आणि कोन सोडवायचा, मागच्या चाकाला डावा. कोनासाठी पातळ पाना लागतो, साधा पाना त्या खाचेत शिरत नाही. खाली जुनी थाळी ठेवा, छर्रे हमखास निसटतात. बाहेर आलेलं ग्रीस नीट बघा. काळपट असेल तर नुसतं म्हातारं झालंय. दुधाळ राखाडी असेल तर पाणी मिसळलंय. लालसर तपकिरी असेल तर आत गंज धरलाय. सगळं रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन कोरडं पुसा. वापरलेलं रॉकेल गटारात ओतू नका, बाटलीत ठेवा, गाळ खाली बसला की वरचं पुन्हा वापरता येतं. निस्तेज किंवा डागाळलेला एक जरी छर्रा दिसला तरी पूर्ण संच बदला. नव्या-जुन्यांच्या मापात केसाएवढा फरक असला तरी मोठा छर्रा सगळ्यांचा भार स्वतःवर ओढून घेतो. मग वाटीत भरपूर ग्रीस, त्यावर मागच्या चाकाला ९ आणि पुढच्याला सहसा ३/१६ इंची १० छर्रे, वरून पुन्हा ग्रीसचा थर. शेवटी थोडी जागा उरलेली दिसते. तिथे आणखी एक कोंबायचा मोह आवरा. ग्रीस मात्र सढळ हाताने भरा. वेगाने फिरणाऱ्या मोटारीत जास्त ग्रीस घुसळून तापतं, इथे तो प्रश्न येत नाही.

काळ्या दणकट सायकलींच्या हबवर मधोमध एक छोटं भोक आणि त्यावर स्प्रिंगची पट्टी असते. पट्टी सरकवून तेल सोडायची ती सोय. तेल ग्रीसइतकं टिकत नाही, पण दर महिन्याला चार थेंब सोडत राहिलात तर आतली घाण त्याबरोबर बाहेर येत राहते. कामावर रोज सायकल नेणाऱ्या माणसासाठी ही पद्धत मला अजूनही फार शहाणपणाची वाटते.

तेल कोणतं, हा प्रश्न मात्र महत्त्वाचा. घरात हाताशी असतं ते खायचं तेल, आणि ते सायकलीचं वैरी आहे. सूर्यफूल, करडई, शेंगदाणा यांच्या तेलात दुहेरी बंध असलेली मेदाम्लं असतात. हवेतला ऑक्सिजन त्या बंधांवर चढतो, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि तेलाचा चिकट डिंक होतो. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनवर बसतो तो थर हाच. खोबरेल तेलात असे बंध कमी, त्यामुळे ते लवकर चिकटत नाही. पण २४ अंशांच्या आसपास ते गोठतं, आणि पुणे-नाशिककडच्या थंडीत सकाळी त्याचा फ्रीव्हीलमध्ये, म्हणजे मागच्या चाकाच्या चेन बसते त्या दातेरी चकतीत, गोळा होतो. शिलाई मशीनचं तेल खनिज असतं, त्याला यातलं काहीच होत नाही. डब्ल्यूडी-४० चा फवाराही छर्ऱ्यांवर मारू नये. तो मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेला. त्यातला पातळ द्रावक चांगलं ग्रीस धुऊन नेतो.

फ्रीव्हीलचा न्याय वेगळा. त्यात स्प्रिंगवर टेकलेले कुत्रे असतात, म्हणजे दात्यांत अडकणारे छोटे खटके. पेडल थांबवल्यावर टक-टक वाजतात ते हेच. त्यांनी क्षणात उठून दात्यात बसायला हवं. जाड ग्रीसमध्ये ते रुतून बसतात आणि उभं राहून पेडल मारताना पाय एकदम सटकतो. हा खरा धोका आहे, वाहत्या रस्त्यावर तर जिवावरचा. म्हणून इथे पातळ तेल. चाक आडवं ठेवा, फ्रीव्हीलची बाजू वर. फ्रीव्हील उलटं फिरवलं की फिरणारा आणि स्थिर भाग यांच्यामधली बारीक गोल फट दिसते. त्यात पाच-सहा थेंब सोडून फिरवत राहा. खालून काळं तेल झिरपू लागेल. ते स्वच्छ येईपर्यंत थोडं थोडं सोडा.

मग राहतात तारांची निपल, म्हणजे तार रिमला ज्यांनी आवळलेली असते ते छोटे नट. ती एरवी हलत नाहीत, त्यामुळे त्यांना वंगण कशाला, असं वाटतं. पण चाकाची आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायची वेळ येते तेव्हा गंजून बसलेलं निपल फिरत नाही. तार पिळवटते किंवा निपलची कड गोल होते. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत तर ॲल्युमिनियमची रिम आणि पितळी निपल यांच्यामध्ये ओलावा आला की चक्क विद्युत-घटच तयार होतो आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. तेलाचा पापुद्रा हा ओलावा अडवतो. तेल देताना चाकाच्या खालच्या अर्ध्या भागातल्या तारांवरच द्यायचं. तिथे तार हबकडून खाली रिमकडे जाते, थेंब तिच्यावरून आपोआप निपलपर्यंत ओघळतो आणि केशाकर्षणाने आट्यांमध्ये ओढला जातो. वरच्या तारांवर दिलात तर तो हबकडे परत येईल. एका तारेला एकच छोटा थेंब. जास्तीचं तेल आत ट्यूबपर्यंत गेलं तर रबर फुगून खराब होतं. दांडीच्या ब्रेकची सायकल असेल तर आणखी जपा: तिची ब्रेकची रबरं रिमच्या आतल्या बाजूला, निपलांच्या शेजारीच टेकतात. तेलकट रिम म्हणजे ब्रेक नसलेली सायकल, त्यामुळे लगेच कोरड्या फडक्याने पुसून घ्या. डिस्क ब्रेकच्या तबकडीजवळ तर फवाऱ्याचा डबा आणूच नये.

नवं चाक बांधताना मात्र काही कारागीर तारांच्या आट्यांना जवसाचं तेल लावतात. जवसात दुहेरी बंध भरपूर असल्याने ते सगळ्यात लवकर वाळतं. बांधताना बुळबुळीत, नंतर डिंकासारखं. निपल हादऱ्यांनी सुटत नाही आणि चावीने मात्र फिरतं. छर्ऱ्यांना जे मारक, ते इथे कामाला येतं.

एक्सलच्या आट्यांना आणि नटाच्या आत बोटभर ग्रीस लावा, म्हणजे पंक्चरच्या वेळी नट अडून बसणार नाही. क्विक रिलीजची (पान्याशिवाय चाक सोडवायची) पकड असेल तर तिच्या खटक्याच्या सांध्यात एक थेंब तेल पुरे. सीलबंद बेअरिंगच्या नव्या सायकलींत छर्ऱ्यांचा खटाटोप नाही. खरखर आली की बेअरिंग बदलायचं.

वेळ कोणती? पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या आसपास, वर्षातून एकदा. रस्त्यावरचं पाणी हबच्या वर चढलं असेल तर त्याच आठवड्यात. आणि दसऱ्याला सायकल धुताना जोरदार फवारा हबवर धरू नका. पावसाला जे वर्षभरात जमत नाही ते तो मिनिटात करतो, पाणी थेट छर्ऱ्यांपर्यंत पोचवतो.

कोन किती आवळायचा, हे हाताला कळायला हवं. घट्ट झाला तर छर्रे दबून कोन खातात, सैल राहिला तर आदळतात. पुढचं चाक उचलून धरा, व्हॉल्व्ह घड्याळातल्या तीनच्या जागी आणा आणि सोडून द्या. व्हॉल्व्हचं किंवा रिमच्या जोडाचं वजन चाकाला खाली ओढतं. चाक झोके घेत हळूहळू थांबलं तर आतलं घर्षण कमी आहे. मध्येच अडून थांबलं तर कोन घट्ट आहे. मग रिम धरून आडवी हलवा. नटाच्या चाकाला अजिबात खडखड नको. क्विक रिलीजच्या चाकाला, ते सुटं असताना, किंचित खडखड ठेवायची, कारण पकड आवळली की एक्सल केसभर दबते आणि ती खडखड भरून निघते. आठवडाभर चालवल्यावर हीच तपासणी पुन्हा करा. नवे छर्रे आणि कोन एकमेकांत बसताना थोडी सैलता येते. चेकनट सोडून कोन फेऱ्याच्या आठव्या भागाएवढा आत घ्या आणि कोन पान्याने धरून ठेवून चेकनट आवळा, नाहीतर त्याच्याबरोबर कोनही फिरतो.