विदर्भातील खेड्यांत पॅन्टचा बेत कसा ठरत गेला

शिवून घेतलेल्या पॅन्टबद्दल खेड्यातल्या गिऱ्हाइकाची तक्रार सहसा दोन प्रकारची असते: मागे सीटखाली झोळ येतो, नाहीतर खाली बसताना पॅन्ट काचते. या दोन्ही तक्रारी एकाच, म्हणजे मागच्या मधल्या शिवणीतून निघतात आणि एक दूर केली की दुसरी डोके वर काढते, हे ध्यानात घेतले तरच विदर्भातील शिंप्यांनी पॅन्टचा बेत, म्हणजे कापड कापण्याची आखणी, कसा बदलत नेला ते समजते.

धोतराला हा प्रश्नच नव्हता. ते न कापलेले, न शिवलेले कापड उकिडवे बसताना आपोआप सैल होते आणि उभे राहिल्यावर निऱ्यांनी पुन्हा सरळ पडते. जुन्या गावगाड्यातील अलुतेदारांत शिंप्याचे नाव येते खरे, पण त्याचे काम प्रामुख्याने बंडी, चोळी, टोपी यांचे होते.

पॅन्टचा आजचा साचा युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी, गुडघ्यापर्यंतच्या विजारी मागे पडल्यावर रूढ झाला आणि तो मुख्यतः लोकरीच्या कापडावर घडला. लोकर वाफेखाली आक्रसवता येते, तशीच ताणताही येते. त्यामुळे तिथला शिंपी सपाट कापडाला इस्त्रीनेच शरीराची गोलाई देऊ शकत असे. त्यात पॅन्ट खांद्यावरच्या पट्ट्यांना टांगलेली असल्याने वजनदार कापड कमरेपासून सरळ खाली पडे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या विदर्भात ही सोय उपयोगाची नव्हती. नागपूरजवळच्या कामठीची लष्करी छावणी १८२१ सालची, नागपूरला रेल्वे आली १८६७ साली, आणि लष्कर-रेल्वेच्या अशा नोकऱ्यांच्या गणवेशाला सोयीचे होते ते जाड सुती कापड. सुती कापड इस्त्रीखाली लोकरीसारखे वळत नाही. जो आकार द्यायचा तो कातरीने आणि टक्स (कापड चिमटून घातलेल्या निमुळत्या शिवणी) घालूनच द्यावा लागतो. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, पुढे हिंगणघाट आणि पुलगावलाही गिरण्या निघाल्या; पण देशी कपाशीचा धागा आखूड असल्याने तिचे सूत जाडच निघे, आणि जाड सुताचे कापड पडण्यापेक्षा उभे राहते.

खरी अडचण बसण्याची होती. खुर्चीवर बसणाऱ्यासाठी बेतलेल्या पॅन्टमध्ये मागच्या शिवणीची लांबी मर्यादित असली तरी निभावते. मांडी घालून जेवणाऱ्या, बांधावर उकिडवे बसणाऱ्या आणि सायकलवर टांग मारणाऱ्या माणसाची पाठीमागची लांबी मात्र बसताना बरीच वाढते. यावर शिंप्याचा इलाज असा की, मागच्या पाल्याची (पॅन्टच्या मागच्या भागाची) शिवण अधिक तिरकी धरायची, तिची उंची वाढवायची आणि मांडीला मोकळीक ठेवायची. उभे राहिल्यावर हेच वाढीव कापड सीटखाली आडव्या सुरकुत्यांनी लोंबते. शहरी नजरेला हा दोष वाटतो. माझ्या मते तो जाणूनबुजून दिलेला हक्काचा ढिलेपणा आहे. अर्थात सगळाच झोळ असा समर्थनीय नसतो. इस्त्रीची घडी कापडाच्या उभ्या सुतावर, गुडघा आणि बॉटम (पायाचा खालचा घेर) यांच्या बरोबर मध्यावरून गेली नाही, तर पॅन्टचा पाय चालताना पोटरीभोवती फिरतो, आणि ती चूक निव्वळ बेतणाऱ्याची असते.

पॉलिएस्टरचा धागा इंग्लंडमध्ये १९४१ साली तयार झाला आणि १९६०च्या दशकानंतर टेरिकॉटच्या (पॉलिएस्टर आणि सुताच्या मिश्र कापडाच्या) रूपाने तो खेड्यात पोचला. सुती पॅन्टची घडी घामाने आणि दमट हवेने तासाभरात मोडते, गुडघ्याला फुगवटा येतो तो वेगळाच. पॉलिएस्टर उष्णतेने घडी धरते आणि धुतल्यावरही बऱ्याच अंशी टिकवते. घाम टिपण्यात ते कापड कमी पडते, तरीही वैशाखातल्या लग्नांत त्याचीच चलती झाली, कारण आहेरात पॅन्टपीस देण्याची रीत पडली होती. ५८ इंची पन्ह्याचा सव्वा मीटरच्या आसपासचा तो तुकडा नेसणाऱ्याचे माप न पाहता घेतलेला असतो. अंगाने भरलेल्या माणसाला तो पुरवताना शिंपी आधी बॉटमची दुमड कमी करतो, मग बाजूचा दाब, म्हणजे शिवणीच्या आत ठेवलेले जादा कापड. मागच्या मधल्या शिवणीतला दीड-एक इंचाचा दाब मात्र शहाणा कारागीर हात न लावता ठेवतो, कारण पोट सुटल्यावर कंबर तिथूनच उसवून वाढवता येते. मुलांच्या गणवेशात हीच दूरदृष्टी बॉटमला दिसते. उन्हामुळे येथील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तोवर वाढत्या अंगाच्या पॅन्टी खाली दोन-तीन इंच दुमडून तयार असतात.

सत्तरच्या दशकातील बेलबॉटम आणि नंतरची चुण्यांची ढगळ पॅन्ट या लाटा आल्या तशा ओसरल्या. पहिलीने गुडघा आवळून बसणे आणखी अवघड केले, दुसरीने मांडीला जागा दिली. टिकाऊ बदल घडवला तो स्पॅन्डेक्स या लवचीक धाग्याने. १९५८ साली अमेरिकेत शोधला गेलेला हा धागा सुतात थोडासा मिसळला तरी कापड बसताना ताणते आणि उठल्यावर जागेवर येते, त्यामुळे तयार पॅन्टीत मागचा ढिलेपणा न ठेवताही मांडी घालता येते.

अशा तयार पॅन्टी आता तालुक्याच्या बाजारातून येतात आणि गावच्या शिंप्याकडे मुख्यतः लांबी कमी करण्याचे काम उरते. तेही दिसते तितके सरळ नाही. निमुळत्या पॅन्टचा पाय फक्त खालून तीन इंच कापला, तर बॉटम रुंद राहतो आणि गुडघ्याचा आकार पोटरीवर येतो. म्हणून जाणता शिंपी कापण्याआधी गिऱ्हाइकाच्या गुडघ्याशी खडूची खूण करतो आणि तिथपासून खाली दोन्ही बाजूंच्या शिवणी नव्याने मारतो.