येन्सचा मुलगा येन्सेन, मग त्याचा नातू?

प्रकाशालाही एका जागेहून दुसऱ्या जागी पोचायला वेळ लागतो, हे १६७६ साली ओले रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने दाखवून दिलं. गुरूच्या आयो या चंद्राची ग्रहणं कधी ठरल्या वेळेआधी तर कधी उशिरा का दिसतात, याचा छडा लावताना त्याला हे उमगलं. या रोमरचं आडनाव कसं पडलं, ती गोष्ट मला त्याच्या शोधाइतकीच आवडते. त्याचे वडील आर्हूस शहरातले व्यापारी आणि तांडेल. नाव क्रिस्टेन पेडरसेन, म्हणजे पेडरचा मुलगा क्रिस्टेन. अडचण अशी की याच नावाची आणखीही माणसं होती. मग १६४२ पासून ते स्वतःला ‘रोमर’ म्हणवू लागले. रोमर म्हणजे रोमो या बेटावरचा. आपण सरळ ‘रोमोकर’ म्हणू.

पेडरसेन हे नाव माणूस ओळखायला का पुरत नव्हतं, हे कळलं की डॅनिश आडनावांचं निम्मं कोडं सुटतं.

‘सेन’ म्हणजे मुलगा. येन्सचा मुलगा येन्सेन, नील्सचा नील्सेन. मुलगी असेल तर ‘डॅटर’ लागायचं, येन्सडॅटर. येन्स हे योहानेसचं डॅनिश रूप. मूळ हिब्रू नावाचा अर्थ ‘देव कृपाळू आहे’. नील्स हा ग्रीक निकोलाओसचा वंशज, अर्थ ‘लोकांचा विजय’. ख्रिस्ती धर्माबरोबर आलेली ही संतांची नावं डेन्मार्कच्या मातीत झिजून आखूड झाली.

आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं आणि आडनाव घराण्याचं राहतं. डॅनिश शेतकऱ्याकडे घराण्याचं नावच नव्हतं. वडिलांचं नाव हेच शेवटचं, आणि ते दर पिढीला बदलायचं. त्यात थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. त्यामुळे येन्स नील्सेनचा मुलगा नील्स येन्सेन, त्याचा मुलगा पुन्हा येन्स नील्सेन. शे-दीडशे वर्षं एकाच शेतावर हीच दोन नावं आलटून पालटून. गावात सगळे एकमेकांना ओळखत असल्याने कुणाचं काही अडत नसे. अडायचं ते कागदावर.

सरदार घराण्यांना कायमचं आडनाव घ्यायचा हुकूम राजा पहिला फ्रेडरिक याने १५२६ मध्येच काढला होता. सामान्यांची पाळी आली ती १८२८ मध्ये, सहाव्या फ्रेडरिकच्या काळात. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचं नाव तर नोंदवायचंच, शिवाय ते पुढे कायम लावेल ते घराण्याचं नावही नोंदवायचं. पण ज्याला घराण्याचं नावच नाही त्याने काय लिहायचं? कुठे पाद्र्याने बापाला लावलेलं नाव मुलाला दिलं, कुठे बापाच्या नावापुढे ‘सेन’ जोडून तेच यापुढे कायम असं ठरवलं, तर कुठे जुनी रीत तशीच चालू राहिली. १८५६ मध्ये नियम पुन्हा बजावावा लागला. खेड्यापाड्यांत घडी बसायला आणखी काही दशकं गेली.

शहरांत हा बदल आधीच सुरू झाला होता, आणि त्याचा पुरावा मराठी घरांत पोचलेला आहे. परीकथा लिहिणारा हान्स ख्रिश्चन अँडरसन १८०५ साली ओडेन्सला जन्मला. आजोबांचं नाव अँडर्स हान्सेन, चांभारकाम करणाऱ्या वडिलांचं हान्स अँडरसन. जुन्या रीतीने लेखक व्हायला हवा होता ‘हान्सेन’. पण वडिलांचं ‘अँडरसन’ त्याच्याकडे जसंच्या तसं आलं. चाक फिरायचं थांबलं ते नेमकं या घरात, या पिढीला.

हे थांबणं महत्त्वाचं आहे. आज ज्याचं आडनाव येन्सेन आहे, त्याच्या वडिलांचं नाव येन्स असेलच असं नाही. चार-सहा पिढ्यांपूर्वी, नाव गोठलं त्या दिवशी, त्याच्या घरात कुणीतरी येन्स होता, एवढंच त्यातून कळतं. म्हणजे डॅनिश आडनावांची यादी ही खरं तर एकोणिसाव्या शतकातल्या बापांच्या नावांची शिरगणती आहे. मुलींचं ‘डॅटर’ मात्र यात पुसलं गेलं. मारी नावाची बाई मारी येन्सेन झाली, शब्दशः ‘येन्सचा मुलगा’. त्याच मुळातल्या आइसलँडने जुनी रीत सोडली नाही. तिथल्या माजी राष्ट्राध्यक्ष विग्दिस फिन्बोगाडोत्तिर या नावाप्रमाणेच फिन्बोगीची मुलगी आहेत.

डेन्मार्कमध्ये येन्सेन बराच काळ पहिल्या क्रमांकावर होतं. अलीकडे नील्सेन किंचित पुढे गेलं आहे. सुमारे साठ लाखांच्या देशात ही दोन्ही आडनावं प्रत्येकी दोन लाखांहून अधिक माणसं लावतात. तिसरं हान्सेन. पहिली दहाच्या दहा आडनावं ‘सेन’वाली आहेत. १९९३ पासून २०११ पर्यंत देशाला लागोपाठ तीन पंतप्रधान लाभले, तिघेही रासमुसेन, आणि तिघांचं एकमेकांशी काही नातं नाही. लोक त्यांना मधल्या नावाने ओळखतात: न्यूरुप, फोग, लोके. शाळेत शिकलेलं पीएच मापन १९०९ मध्ये ज्याने आणलं, तो सोरेन पेडर लॉरिट्स सोरेन्सेन. नावाच्या दोन्ही टोकांना सोरेन.

नातं नाही, हा मुद्दा जनुकशास्त्रातही येतो. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावही तसंच जात असे. त्यामुळे एखाद्या दुर्मीळ आडनावाच्या दोन अनोळखी पुरुषांचं हे गुणसूत्र जुळलं तर नवल नाही. दोन येन्सेनांकडून ही अपेक्षा व्यर्थ आहे, कारण त्यांचे मूळ येन्स वेगळे होते, असे हजारो येन्स होते.

याउलट एकाच घराण्याचं नाव असेल तर त्याचं काय होतं? हा प्रश्न आग्नर क्रारुप एर्लांग या माणसाला छळत होता. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत तो गणिती होता. एका वेळी किती जण फोन करतील आणि किती तारा लागतील, याचं शास्त्र त्याने उभं केलं, आणि दूरध्वनीच्या वर्दळीचं एकक आजही ‘एर्लांग’ आहे. त्याच्या आईचं माहेर क्रारुप. नावातलं ‘रुप’ म्हणजे वस्ती. हे नामवंत घराणं त्याच्या डोळ्यांदेखत ओसरत चाललं होतं. घराण्याचं नाव नष्ट होण्याची शक्यता किती, असा प्रश्न त्याने डॅनिश गणिताच्या नियतकालिकात मांडला. तो १९२९ मध्ये छापून आला. त्याच वर्षी एर्लांग ५१ व्या वर्षी वारला, अविवाहित.

समजा, प्रत्येक पुरुषाला एकही मुलगा नसण्याची शक्यता पाव, एक असण्याची पाव आणि दोन असण्याची अर्धी. सरासरी सव्वा मुलगे, म्हणजे नाव वाढायला हवं. समीकरण मांडलं की नाव बुडण्याच्या शक्यतेची दोन उत्तरं निघतात: एक (म्हणजे बुडणं नक्की) आणि अर्धा. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने १८७३ साली हाच प्रश्न विचारला होता. तो सोडवणाऱ्या वॉटसन या गणितज्ञाने ‘एक’ हेच उत्तर धरलं आणि सगळीच आडनावं शेवटी बुडणार असा निष्कर्ष काढला. खरं उत्तर लहान असतं ते, म्हणजे इथे अर्धा. एर्लांगच्या प्रश्नाचं पुरं उत्तर डेन्मार्कच्याच स्टेफन्सेन या गणितज्ञाने दिलं (स्टेफनचा मुलगा, अर्थात). सरासरी एकपेक्षा जास्त असेल तर नाव तगण्याची आशा आहे. एक किंवा त्याहून कमी असेल, तर बुडणं अटळ.

आता येन्सेनकडे पाहा. एका मूळ पुरुषाची शाखा बुडण्याची शक्यता अर्धी असेल, तर अशा दहा स्वतंत्र शाखा एकदम बुडण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. येन्स तर हजारो होते. क्रारुपांना हे कवच नव्हतं.

येन्सेन कमी होत आहेत, पण ते वंश बुडाल्यामुळे नव्हे. १९०४ च्या कायद्याने ‘सेन’ सोडून दुसरं आडनाव घेणं सोपं केलं, कारण एकाच नावाच्या गर्दीने सरकारही त्रासलं होतं. कित्येकांनी गावाचं किंवा शेताचं नाव घेतलं, क्रिस्टेन पेडरसेनने त्याच्या अडीचशे वर्षं आधी केलं तेच. मात्र दुसऱ्याचं दुर्मीळ आडनाव सहज उचलता येत नाही. दोन हजार किंवा त्याहून कमी माणसं लावतात ते आडनाव कायद्याने राखीव आहे. हल्ली मूल आईचंही आडनाव लावू शकतं, तरी स्टेफन्सेनचं गणित फारसं हलत नाही. मुलाच्या वाट्याला दोघांपैकी एकाचंच नाव आलं, तर प्रत्येकाचं नाव सरासरी निम्म्याच मुलांकडे जातं. आणि डेन्मार्कमध्ये एका स्त्रीमागे सरासरी दोनपेक्षा कमी मुलं आहेत.

१ एप्रिल २००६ पासून लागू झालेल्या कायद्याने जुनी रीतही पुन्हा मोकळी केली आहे. आई किंवा वडील, कुणाचंही नाव घेऊन त्याला ‘सोन’ (म्हणजे मुलगा) किंवा ‘डॅटर’ जोडता येतं. आज कोपनहेगनमध्ये एखाद्या येन्सला मुलगी झाली, तर तिचं आडनाव येन्सडॅटर असू शकतं.