बॅटरी मागं नेली आणि सेल्फच घेईना

कोल्हापुरात गाड्यांचं वेड काय नवीन नाही. उद्यमनगरात एका गल्लीत लेथ, पुढच्या गल्लीत वेल्डिंग, शिरोलीला फौंड्री आणि भंगारात शोधलं की जुनं इंजिन मिळतंच, त्यामुळं "विकत कशाला, आपणच बांधू की" म्हणणारी पोरं इथं निघत राहतात. बहुतेकांच्या डोक्यातलं चित्र एकच असतं, लांब नाक, दोन सीट, छप्पर नाही, पुढची चाकं अंगाबाहेर, म्हणजे १९५७ सालची लोटस सेव्हन. इंग्लंडात ही गाडी सुट्या पार्टात घेऊन घरी जोडता यायची, कारण तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा आणि किटवर लागायचा नाही, १९७३ ला व्हॅट आला आणि ती मजा संपली. आपल्याकडं असं किट दुकानात मिळत नाही, चौकोनी पाईप कापून चासी स्वतःच बांधायची आणि जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन टाकायचं (ते चासीच्या लांबीत बसतं आणि ताकद मागच्या चाकांना देतं, म्हणून ते सोयीचं). रस्त्यावर आणायची म्हटलं तर मंजुरीचं मोठं प्रकरण आहे, म्हणून अशा गाड्या शेतातल्या रस्त्यावर नाहीतर ट्रॅकवरच पळतात.

आता या लांब नाकात इंजिन, रेडिएटर, स्टिअरिंगचा रॉड, सायलेन्सरचा पाईप एवढं सगळं कोंबल्यावर बॅटरीला जागाच उरत नाही आणि मग कुणीतरी म्हणतंच की बॅटरी मागं टाकूया, वजन पण मागं जाईल, गाडी भारी वळेल. कल्पना चांगलीच आहे. १९५९ च्या मूळ मिनीची बॅटरी डिक्कीत होती, माझदाच्या १९८९ च्या एमएक्स-५ ची पण डिक्कीतच, जुन्या बीटलची मागच्या सीटखाली. पण लोक चर्चा करतात ती सगळी वजनाची, आणि गाडी बंद पडते ती वायरीमुळं.

तरी वजनाचं आधी उरकून घेऊ, गणित सोपं आहे. समजा गाडी ५५० किलोची, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.२५ मीटर, बॅटरी १२ किलोची आणि आत्ता ती बरोबर पुढच्या अॅक्सलवर बसलीय. ती उचलून मागच्या अॅक्सलच्याही ४० सेंटीमीटर मागं डिक्कीत टाकली तर पुढच्या चाकांवरचा भार १२ नाही, १४ किलोनं कमी होतो. बॅटरीच्या वजनापेक्षा जास्त! कारण अॅक्सलच्या मागं लटकलेलं वजन तरफेसारखं पुढचं टोक उचलतं, गळीत हंगामात उसाची ट्रॉली मागं जादा भरली की ट्रॅक्टरचं तोंड कसं वर उठतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. ५५० किलोत १४ किलो म्हणजे अडीच टक्के, दीड टनाच्या सेडानमध्ये हाच बदल एक टक्कासुद्धा भरत नाही, म्हणून हा खेळ हलक्या गाडीतच खेळण्यासारखा.

पण एकदम टोकाला नेऊ नका. गाडी वळताना स्वतःभोवती फिरते आणि तिला फिरवायला किती जोर लागतो हे वजन मध्यापासून किती लांब आहे त्याच्या वर्गावर ठरतं. वरच्याच गाडीत बॅटरी डिक्कीत, म्हणजे मध्यापासून दीड मीटरवर, आणि तीच सीटच्या पाठीमागं पण अॅक्सलच्या पुढं, म्हणजे साधारण पाऊण मीटरवर, या दोन जागांत अंतर दुप्पट पण फिरण्याला होणारा विरोध चौपट. माझ्या मते जागा एकच, डाव्या सीटच्या मागं, जमेल तेवढी खाली. डावीकडं कारण ड्रायव्हर उजवीकडं बसतो आणि एकटा असला की गाडी एका बाजूला भारी होते. १२ किलोनं त्याचा पाचवा हिस्सासुद्धा भरून निघत नाही, पण फुकट मिळतंय तर घ्यायचं.

खरं सांगायचं तर वजनापेक्षा मोठा फायदा गरमीचा आहे. लेड-अॅसिड बॅटरीच्या आत जी रासायनिक झीज होते तिचा वेग तापमान दहा अंशांनी वाढलं की अंदाजे दुप्पट होतो, म्हणजे आयुष्य निम्म्यावर. एप्रिल-मे मध्ये बाहेर ३८ अंश असताना त्या अरुंद बॉनेटखाली सायलेन्सरच्या पाईपशेजारी बॅटरी अक्षरशः शिजते. मागं नेली की हा त्रास गेला.

आता वायर. सेल्फ मारताना मोटर किती करंट ओढते याचा अंदाज बऱ्याच जणांना नसतो, हेडलाइटचा एक बल्ब साधारण पाच अँपिअर घेतो आणि छोट्या इंजिनचा सेल्फ सहज १५० अँपिअर घेतो, पहिल्या झटक्याला तर याच्या दुप्पट-तिप्पट. आणि वायरीत किती व्होल्ट वाया जातात ते करंट गुणिले रेझिस्टन्स. बॅटरी पुढं होती तेव्हा केबल अर्ध्या मीटरची होती, कसलीही चालून गेली. आता तीच चार मीटरची झाली. तांब्याची १० चौरस मिलिमीटरची केबल टाकली तर चार मीटरात जवळजवळ ७ मिलिओहम, गुणिले १५० म्हणजे एक व्होल्ट वाटेतच गेला. १६ ची टाकली तर ०.६५ व्होल्ट, २५ ची टाकली तर ०.४, ३५ ची टाकली तर ०.३ च्या आत. वाटतं एक व्होल्टानं काय होतंय? पण फुल चार्ज बॅटरी आहेच १२.६ ची, तिच्या पोटातल्या रेझिस्टन्समुळं सेल्फ मारताना ती स्वतःच ११ च्या आसपास येते, त्यातून एक वायरीनं खाल्ला, अर्धा परतीच्या वाटेनं खाल्ला, सेल्फला उरले साडेनऊ. मोटर हळू फिरते... आणि इंजेक्शनच्या इंजिनात ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) पण हाच उरलासुरला व्होल्टेज मिळत असेल तर तो मधेच रीसेट होतो, मग सेल्फ फिरतोय पण गाडी चालू होत नाही असा विचित्र प्रकार. म्हणून ईसीयूची वायर सेल्फच्या बोल्टवरून काढायची नाही, थेट बॅटरीवरून वेगळी आणायची, फ्यूज टाकून.

कोल्हापुरात एक सोय आहे, वेल्डिंगची केबल कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते, बारीक तारांची, मऊ, हवी तशी वळणारी. २५ किंवा ३५ ची घ्या, एचओएफआर लिहिलेली घ्या म्हणजे तेल आणि गरमी सोसते. एकच बघायचं, आत तांबंच आहे ना, अॅल्युमिनियमची पण मिळते आणि तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त. टोक कापून खरवडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

एवढं करूनही सेल्फ "टक" करून गप्प बसला तर? तर अर्थ, म्हणजे अर्थिंग बघा. करंट जातो तेवढाच परत यावा लागतो आणि परतीच्या वाटेकडं कुणी बघतच नाही. निगेटिव्ह मागं चासीला लावला, विषय संपला, असं वाटतं. चासी स्वतः वाईट नाही हां, लोखंडाचा रेझिस्टन्स तांब्याच्या आठ-दहा पट असतो पण २५ बाय २५ चा २ मिलिमीटर जाडीचा एक पाईप कापून बघितला तर त्यात १८४ चौरस मिलिमीटर लोखंड आहे, म्हणजे एकच पाईप साधारण २० चौरस मिलिमीटर तांब्याच्या बरोबरीचा, आणि असे चार पाईप पुढून मागं जातात. गडबड होते ती सांध्यावर. हौसेनं चासीला पावडर कोटिंग केलेलं असतं, ते म्हणजे प्लॅस्टिकच, त्याच्यावर लग (केबलीच्या टोकाची भोकाची पट्टी) ठेवून बोल्ट आवळला की करंटला फक्त बोल्टच्या आट्यांतून वाट मिळते. लगएवढा गोल घासून चकचकीत लोखंड काढायचं, आवळायचं आणि मग वरून ग्रीस फासायचं, नाहीतर आपल्या पावसाळ्यात एका जुलैतच तिथं गंज धरतो.

दुसरा सांधा इंजिनचा. इंजिन बसलंय रबराच्या माउंटवर आणि रबरातून करंट जात नाही. जुन्या जागी निगेटिव्ह केबल थेट इंजिनला जोडलेली असायची, बॅटरी हलवताना ती काढली आणि तिच्या जागी इंजिन ते चासी पट्टा लावायचा राहून गेला की करंट दुसरी वाट शोधतो आणि ती वाट बऱ्याचदा अॅक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल असते. १५० अँपिअर त्या बारीक तारेतून! केबल तापते, आतलं प्लॅस्टिक वितळतं, आणि मग माणूस अॅक्सिलरेटर का अडकतोय म्हणून कार्ब्युरेटर नाहीतर थ्रॉटल बॉडी खोलून बसतो. आणि नाक, मडगार्ड फायबरचे असतील तर तिथल्या प्रत्येक लाइटला परतीची वायर स्वतंत्र द्यावीच लागते.

आता भीतीचा भाग. बॅटरीच्या पोटातला रेझिस्टन्स दहा मिलिओहमच्या आसपास असतो, म्हणजे थेट शॉर्ट झाला तर हजार अँपिअरच्या पुढं करंट. पुढं अर्ध्या मीटरच्या केबलीला सहसा फ्यूज नसतो, चालून जातं. पण चार मीटरची पॉझिटिव्ह केबल गिअरबॉक्सच्या बोगद्यातून, प्रॉपेलर शाफ्टच्या शेजारून, पत्र्याच्या भोकातून येते आणि एखाद्या भोकाला रबरी ग्रोमेट नसला की हादऱ्यानं घासून घासून एक दिवस तांबं उघडं पडतंच. बीटलमध्ये तर सीटच्या स्प्रिंगा खाली बॅटरीच्या टर्मिनलला टेकून गाड्या पेटायच्या. म्हणून बॅटरीपासून वीतभर अंतरावर मेगा फ्यूज, २५० अँपिअरच्या आसपासचा. सेल्फचा पहिला झटका याच्या पुढं जातो पण तो क्षणभराचा, फ्यूज वितळायला तेवढा वेळ पुरत नाही. बीएमडब्ल्यूनं डिक्कीतल्या बॅटरीच्या टर्मिनलमध्ये छोटा स्फोटक बसवला, अपघातात एअरबॅग उडाली की तो केबल तोडून टाकतो, यावरून त्या लांब केबलीला कंपन्या किती घाबरतात ते कळतं.

कट-ऑफ स्विच पण लावा, फक्त साधा दोन टर्मिनलचा नको. इंजिन चालू असताना बॅटरी तोडली तर इंजिन बंदच होत नाही, डायनामो वीज देत राहतो, आणि चार्जिंगचा करंट अचानक अडल्यामुळं त्याचा व्होल्टेज क्षणभर उसळून ईसीयूचा घास घेऊ शकतो. रेसिंगचा सहा टर्मिनलचा स्विच इग्निशनही तोडतो आणि डायनामोची उसळी एका रेझिस्टरमध्ये जिरवतो.

आणि सीटमागं बंद पेटीत पाणी घालायची साधी बॅटरी नकोच. चार्जिंगचा व्होल्टेज १४.४ च्या पुढं गेला की पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. एक अँपिअर-तास जास्त चार्ज झाला की सहा सेल मिळून अडीच लिटर हायड्रोजन, आणि हवेत चार टक्के झाला की ठिणगीनं पेटतो. वीस लिटरच्या पेटीत चार टक्के म्हणजे ८०० मिलिलिटर फक्त. रेग्युलेटर बिघडला तर लांबच्या एका प्रवासात होईल एवढं. एजीएम बॅटरीत (सीलबंद, अॅसिड काचेच्या तंतूंच्या थरात शोषलेलं असतं ती) हा गॅस बहुतेक आतल्या आत परत पाणी होतो, तरी तिलाही व्हॉल्व्ह असतो, म्हणून पेटीला बाहेर उघडणारी एक नळी द्या. आणि पट्टा रबरी नको, जोराच्या धडकेत वीस पट गुरुत्वाचा झटका बसला तर १२ किलोची बॅटरी २४० किलोच्या जोरानं पुढं येते, आणि पुढं सीट आहे. अँगलची चौकट आणि बोल्टच पाहिजेत.

शेवटी तपासायचं कसं. मल्टीमीटर बीपवर ठेवून अर्थ चेक करणारे खूप आहेत, ते काही कामाचं नाही, केबलीतली एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजतो. रेझिस्टन्सवर ठेवला तरी मिलिओहम त्याला दिसत नाहीत, त्याच्या स्वतःच्या लीडमध्येच त्याहून जास्त असतो. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, इग्निशनचं कनेक्शन काढायचं म्हणजे इंजिन चालू होणार नाही, एक लीड बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी थेट इंजिनच्या ब्लॉकला, आणि दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला लावायचा. फिरत असताना ०.२ व्होल्टच्या आत दिसलं तर अर्थ चांगला. मग तसंच बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत, तिथं ०.५ पर्यंत चालतं. जास्त आलं तर एक लीड तिथंच ठेवून दुसरी एक एक सांधा पुढं सरकवत जायची, ज्या सांध्यावर आकडा एकदम उडी मारेल तो खोलायचा आणि घासायचा.