खर्रा, फायब्रोसिस अन् कोलॅजन ओळखणारा रिसेप्टर: थोडी पार्श्वभूमी

आमच्या गडचिरोली-चंद्रपूरकडे पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा (सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण) खाऊन खाऊन कित्येक पोट्ट्यांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, तिखट लागलं की आग होते, अन् घरचे म्हणतात सवय आहे, जाईल. हा फायब्रोसिस आहे बावा, म्हणजे आतला मऊ भाग धाग्यांनी भरून ताठ होणं, जाणारा नाही. श्वार्ट्झ नावाच्या संशोधकानं १९५२ मध्ये केनियातल्या भारतीय बायांमध्ये तो नोंदवला, पुढच्याच वर्षी मुंबईच्या जोशींनी त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हटलं. खर्र्यातल्या सुपारीत अरेकोलिन नावाचं द्रव्य असते, त्यानं कोलॅजन, म्हणजे शरीरातलं धाग्यांसारखं प्रोटीन, जास्त बनते, अन् तिच्यातल्या तांब्यामुळे ते धागे एकमेकांत असे जखडतात की शरीराला मोडताच येत नाहीत.

कोलॅजनच्या तीन साखळ्यांचा पीळ १९५४-५५ च्या सुमारास मद्रासमध्ये रामचंद्रन अन् कार्था यांनी मांडला, आपल्या देशातलं हे केवढं मोठं काम! पण पुढे कितीतरी वर्षं कोलॅजन म्हणजे नुसता भराव असंच बहुतेक लोक धरून चालले. पेशीला भोवतालचं कोलॅजन कळते हे आधी इंटेग्रिन नावाच्या रिसेप्टरमुळे (पेशीवरचं, बाहेरचा निरोप घेणारं प्रोटीन) समजलं. मग १९९३ च्या आसपास डीडीआर१ (डिस्कॉइडिन डोमेन रिसेप्टर १) हा दुसरा रिसेप्टर सापडला, त्याचा बाहेरचा तुकडा मातीतल्या अमीबासारख्या एका जीवाच्या डिस्कॉइडिन प्रोटीनसारखा, पण त्याला नेमकं चिकटते काय हे कोणालेच माहीत नव्हतं. १९९७ मध्ये दोन वेगवेगळ्या टीमनी दाखवलं, कोलॅजन.

मले यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटते ते डीडीआरचं संथपण. इन्सुलिनचा रिसेप्टर मिनिटांत जागा होते, डीडीआरला तास लागतात, पण एकदा जागा झाला की तो बराच वेळ चालूच राहते, म्हणजे जखम भरून निघाल्यावरही जिथं कोलॅजन साचलंय तिथं पेशीला निरोप जातच राहू शकते, सूज राहते, आणखी कोलॅजन बनते, हे चक्र कुठं तोडायचं हाच खरा प्रश्न. २००६ मध्ये डीडीआर१ नसलेल्या उंदरांना ब्लिओमायसिन (फुफ्फुसात फायब्रोसिस घडवणारं औषध) दिलं तर त्यांच्या फुफ्फुसाला फायब्रोसिसपासून बरंच संरक्षण मिळालं, नंतर किडनीतही तसंच दिसलं. रक्ताच्या कॅन्सरवरचं इमॅटिनिब डीडीआरलाही अडवते हेही कळलं, म्हणून औषधवाल्यांची नजर इकडे वळली.

पण त्याचाच भाऊ डीडीआर२, जो फायब्रोब्लास्टमध्ये (कोलॅजन बनवणाऱ्या पेशींत) असते, तो काढून टाकलेल्या उंदरांच्या लिव्हरला सतत इजा केली तर २०११ च्या प्रयोगात फायब्रोसिस उलट वाढला, तेव्हा कोणता रिसेप्टर, कोणत्या अवयवात, हे पाहूनच औषध बनवावं लागेल.