प्रतिक्षमताजनक पेशीमृत्यू

कर्करोगाची पेशी काही विशिष्ट तऱ्हेने मेली, तर मरता मरता ती प्रतिकार यंत्रणेला जागे करते आणि ती यंत्रणा मग त्याच अर्बुदातील, म्हणजे गाठीतील, जिवंत पेशींवर चालून जाते. अशा मृत्यूला प्रतिक्षमताजनक पेशीमृत्यू म्हणतात. वैद्यकीय बोलण्यात ‘आयसीडी’ (इम्युनोजेनिक सेल डेथ) हे आद्याक्षरी नाव अधिक चालते.

निरोगी शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात आणि त्याचा कुठेही गाजावाजा होत नाही. केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये या शिस्तबद्ध मृत्यूला ‘अपोप्टोसिस’ हे नाव दिले. यात पेशी आक्रसते, तिचे पटलात गुंडाळलेले तुकडे होतात आणि भक्षक पेशी ते निमूटपणे गिळतात. याउलट पेशी फुटून आतला ऐवज सांडला, म्हणजे नेक्रोसिस झाला, तर दाह होतो. यावरून अपोप्टोसिस मुका आणि नेक्रोसिस बोलका अशी सरधोपट विभागणी रूढ झाली. केमोथेरपीची बरीचशी औषधे पेशींना अपोप्टोसिसनेच मारतात, वर रक्तातील पांढऱ्या पेशीही घटवतात. तेव्हा केमोथेरपी आणि प्रतिकारशक्ती यांचे विळ्याभोपळ्याचे सख्य असणार, हे जवळपास गृहीतच धरले जाई.

या समजुतीला २००५ मध्ये तडा गेला. पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेतील गिदो क्रोमर, लॉरेन्स झिटव्होगेल आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी डॉक्सोरुबिसिन या केमोथेरपीच्या औषधाने मारल्या आणि कोणतेही साहाय्यक द्रव्य न मिसळता निरोगी उंदरांना टोचल्या. पुढे याच उंदरांना त्याच कर्करोगाच्या जिवंत पेशी दिल्या, तेव्हा बहुतेकांच्या अंगात गाठ धरलीच नाही. मेलेल्या पेशींनी लशीचे काम केले होते. मायटोमायसिन-सी या दुसऱ्या औषधाने मारलेल्या पेशींना मात्र हे साधले नाही, जरी त्याही अपोप्टोसिसनेच मेल्या होत्या. आणखी गंमत अशी की डॉक्सोरुबिसिन दिलेल्या पेशींतील कॅस्पेज विकरे, म्हणजे अपोप्टोसिस घडवणारी यंत्रणाच, रोखून धरली तर लशीचा गुण ओसरला. ‘मुका’ मृत्यूच इथे बोलत होता.

तो काय बोलतो, याचा उलगडा पुढच्या दहा वर्षांत झाला. पहिला इशारा कॅलरेटिक्युलिन या प्रथिनाचा (२००७). एरवी ते आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतील पटलांच्या जाळ्यात, राहून नव्या प्रथिनांच्या घड्या नीट बसवण्याचे काम करते. औषधाने जालिकेवर ताण आला की काही तासांतच, पेशी अजून पुरती मेलेलीही नसताना, ते पृष्ठभागावर येते. भक्षक पेशींसाठी ही जणू ‘मला खा’ अशी पाटी. दुसरा इशारा एटीपीचा. पेशीच्या आत ऊर्जेचे चलन असलेला हा रेणू बाहेर झिरपला की डेंड्रायटिक पेशींना, म्हणजे प्रतिकार यंत्रणेला खबर देणाऱ्या पेशींना, जवळ बोलावतो आणि त्यांच्यावरील पी२एक्स७ ग्राहीला (इशारा पकडणाऱ्या प्रथिनाला) चेतवून इंटरल्युकिन-१ बीटा हे दाहाचा संदेश देणारे प्रथिन स्रवायला लावतो. एटीपी पुरेसे बाहेर पडण्यासाठी मरणाऱ्या पेशीत स्वभक्षण, म्हणजे स्वतःचेच घटक पचवण्याची क्रिया, चालू असावे लागते. सर्वांत शेवटी केंद्रकातील एचएमजीबी१ हे प्रथिन बाहेर येते. ते डेंड्रायटिक पेशींवरील टीएलआर४ ग्राहीला जोडले गेले की डेंड्रायटिक पेशी गिळलेले प्रतिजन (मेलेल्या पेशीची ओळख पटवणारे अंश) झटपट पचवून नष्ट न करता टी-पेशींपुढे, म्हणजे कर्कपेशींवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींपुढे, मांडते. पुढे १ल्या प्रकारची इंटरफेरॉन (२०१४) आणि ॲनेक्सिन-ए१ (२०१५) यांची भर पडली. इंटरफेरॉनचा इशारा तर विषाणूची लागण झाल्यावर मिळतो तोच असतो.

एकाच घराण्यातील औषधेही याबाबत सारखी नसतात. ऑक्झॅलिप्लॅटिन आणि सिसप्लॅटिन दोन्ही प्लॅटिनमची संयुगे. दोन्ही पेशी मारतात. पण सिसप्लॅटिनमुळे जालिकेवर हवा तसा ताण येत नाही, त्यामुळे कॅलरेटिक्युलिन आतच राहते. ताण आणणारे दुसरे रसायन सोबत दिले की सिसप्लॅटिनने मारलेल्या पेशीही प्रतिक्षमता जागवू लागतात. अँथ्रासायक्लिन गटातील औषधे (डॉक्सोरुबिसिन यांतलेच), मायटोझँट्रोन, सायक्लोफॉस्फामाइड, बोर्टेझोमिब, प्रारणोपचार, प्रकाशगतिक उपचार आणि कर्कपेशी फोडणारे काही विषाणू हे आयसीडी घडवणारे म्हणून ओळखले जातात.

अर्बुद अर्थातच गप्प बसत नाही. सीडी४७ हे ‘मला खाऊ नका’ असे सांगणारे प्रथिन ते पृष्ठभागावर वाढवते. सीडी३९ आणि सीडी७३ ही विकरे बाहेर पडलेल्या एटीपीचे ॲडेनोसिनमध्ये रूपांतर करतात आणि ॲडेनोसिन टी-पेशींना थंड करते. म्हणजे हाकेचेच अंगाईत रूपांतर होते. दोष ऐकणाऱ्याकडेही असू शकतो. टीएलआर४ च्या जनुकात विशिष्ट बदल असलेल्या स्तनकर्करुग्णांमध्ये अँथ्रासायक्लिन उपचारांनंतर रोग लवकर उलटल्याचे २००७ च्या अभ्यासात दिसले.

एखाद्या औषधाने कॅलरेटिक्युलिन पृष्ठभागावर आले, एवढ्यावरून ते आयसीडी घडवते असे सिद्ध होत नाही, हा मुद्दा घाईत लिहिलेल्या वर्णनांतून अनेकदा निसटतो. खरी कसोटी २००५ च्या प्रयोगासारखीच: मृत पेशी टोचायच्या, काही दिवसांनी दुसऱ्या कुशीत जिवंत पेशी द्यायच्या आणि गाठ येते का ते पाहायचे. माणसावर हे करता येत नाही, त्यामुळे वरची यादी मुख्यतः उंदरांच्या भरवशावर उभी आहे.

रुग्णांमध्ये अप्रत्यक्षपणेच पाहावे लागते. नेदरलँड्समधील ‘टॉनिक’ चाचणीत पसरलेल्या ट्रिपल निगेटिव्ह (तीन नेहमीच्या ग्राहींचा अभाव असलेल्या) स्तनकर्करोगाच्या रुग्णांना निव्होलुमॅब हे टी-पेशींवरील लगाम सैल करणारे औषध सुरू करण्याआधी अल्पकाळ वेगवेगळे उपचार दिले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार डॉक्सोरुबिसिन गटात ३५ टक्के रुग्णांत प्रतिसाद दिसला, आधी काहीच न दिलेल्या गटात १७ टक्के. उंदरांत नापास ठरलेल्या सिसप्लॅटिनच्या गटात तो २३ टक्के होता, तर उंदरांत उत्तीर्ण झालेल्या सायक्लोफॉस्फामाइडच्या गटात अवघा ८ टक्के. प्रत्येक गट लहान होता, त्यामुळे या आकड्यांवरून औषधांची क्रमवारी लावता येत नाही.