'शेतकरी' डिकिन्सन आणि त्यांचे 'नोकर'

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात डोव्हर शहराजवळ जॉन डिकिन्सन यांचा जुना विटांचा वाडा आहे. तिथल्या शेतात मार्च 2021 मध्ये एक दफनभूमी सापडली. इथे राबलेले गुलाम आणि मुक्त कृष्णवर्णीय तिथे पुरले असावेत, असा अंदाज आहे. 1776 च्या जुलैत ब्रिटनपासून अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या मतदानाला मुद्दाम गैरहजर राहिलेला माणूस, एवढीच ओळख उरलेले डिकिन्सन त्यामुळे पुन्हा चर्चेत आले.

त्या काळी त्यांचं नाव झालं ते 'शेतकरी' म्हणून. काच, कागद, रंग, चहा यांवर ब्रिटनने आपल्या अमेरिकी वसाहतींत लादलेल्या जकातीविरुद्ध 1767-68 मध्ये त्यांनी 12 पत्रं छापली, खाली सही 'एक शेतकरी'. पहिल्याच पत्रात हा गृहस्थ सांगतो: माझं शेत लहान, नोकर मोजके पण चांगले, थोडा पैसा व्याजाने लावलेला, याहून जास्त काही नको. आपल्या डोळ्यांपुढे लगेच दोन-चार एकरांचा कुणबी उभा राहतो. प्रत्यक्षात लिहिणारा 35 वर्षांचा, लंडनमध्ये बॅरिस्टरीचं शिक्षण घेतलेला फिलाडेल्फियाचा वकील होता. वडिलांच्या जमिनी हजारो एकर. त्या आधी तंबाखूच्या, पुढे गहू-मक्याच्या. आपल्याकडे अशाला जमीनदार म्हणतात.

पण खरी मेख 'नोकर' या शब्दात आहे. गुलामांनाही नोकर म्हणायची त्या काळच्या सधन घरांत रीतच होती. पत्रातला शेतकरी काल्पनिक आहे, त्याचे नोकर गुलाम होते की पगारी, हे तो सांगत नाही. लिहिणाऱ्याच्या मळ्यावर मात्र गुलामच राबत होते. 'कर लादून आम्हाला गुलाम करता' ही तक्रारही याच पत्रांमध्ये आहे. मला हे निव्वळ ढोंग वाटत नाही, पण विसंगती डोळ्यांत खुपतेच.

फिलाडेल्फियाच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी 1776 मध्ये आपल्या मंडळींना गुलाम बाळगायला बंदी केली. डिकिन्सन त्यांच्यातच वाढलेले. 1777 मध्ये त्यांनी आपल्या गुलामांना मुक्तिपत्र दिलं, पण आणखी 21 वर्षं राबण्याच्या अटीवर. कौतुक करणारे वर्ष सांगतात, अट गाळतात. बिनशर्त सुटका व्हायला 1786 उजाडलं.

पुढच्याच वर्षी अमेरिकेची राज्यघटना लिहिणाऱ्या सभेत ते डेलावेअरचे प्रतिनिधी होते. घटनेच्या मजकुरात 'गुलाम' हा शब्द कुठेच येऊ दिलेला नाही, 'इतर व्यक्ती' अशी पळवाट काढली आहे. डिकिन्सन यांनी स्वतःच्या टिपणात लिहिलं की हा शब्द गाळला, तर ज्या तत्त्वाची आपल्यालाच लाज वाटते ते झाकायचा हा प्रयत्न आहे, असं लोक समजतील. वीस वर्षांपूर्वी 'नोकर' लिहिणाऱ्याचंच हे टिपण! गुलामांच्या आयातीला मोकळीक देण्याविरुद्धही ते सभेत बोलले. तरी 1808 पर्यंत आयात रोखायची नाही, असं कलम पडलंच. आजारी पडून ते घरी परतले आणि घटनेवर त्यांच्या वतीने सहकाऱ्याने सही केली.

आयातबंदी 1 जानेवारी 1808 ला लागू झाली, डिकिन्सन 14 फेब्रुवारीला वारले. डेलावेअरमध्ये गुलामगिरी कायद्याने 1865 च्या डिसेंबरपर्यंत चालू राहिली. ती संपवणाऱ्या घटनादुरुस्तीला या राज्याने मंजुरी दिली ती तर थेट 1901 मध्ये.